दोन इंच उजेड

ता. ६ जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आईची खोली रंगवून झाली. खिडकी एकच, पूर्वेची, थेट जमिनीपर्यंत. समोर छापखाना आहे. तिथले कामगार चहा पिताना सरळ आत बघतात. पडदा हवाच. तुझ्या पडद्यांच्या दुकानातले नमुने पाठव, वीतभर पुरेत.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे आई फेब्रुवारीअखेर इथे, आणि यापुढे इथेच. सात आठवडे उरले. दिवसभर मी कवळ्यांसाठी पांढऱ्याच्या सोळा छटांतून नेमका दात निवडते, तिथे अडत नाही. कापडाच्या दुकानातून मात्र तीनदा हात हलवत परत आले.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच. नमुने लवकर यावेत.

तुझी बारकी


ता. १२ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

बावीस नमुने पाठवते आहे. आईने ते दुपारभर मांडीवर घेऊन चाचपले. हिरव्याचा पीळ सैल आहे, धुतल्यावर झोळ येईल, असं तिचं मत. फुलावेलींबद्दल काही बोलली नाही. तुला आवडेल ते घे म्हणाली. मीही तेच म्हणते.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. शाळेच्या दप्तरासाठी आख्खा बाजार पालथा घातलास आणि शेवटी माझंच जुनं नेलंस. या वेळी माझ्याकडे जुना पडदा नाही.

जेवणखाण वेळेवर असावं. बाकी क्षेम.

तुझी ताई


ता. २० जानेवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

नमुने भिंतीवर टाचले. कामावर जाताना एक काढते, आल्यावर परत लावते. फुलं बाद. संध्याकाळी ती किड्यांसारखी दिसतात. निळ्यावरच्या बारीक रेघा ठरल्या होत्या, पण काल त्या गजांसारख्या वाटल्या. हे म्हणतात, पडदा आणते आहेस की जावई शोधते आहेस.

मी का अडते ते तुला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आठ दिवस म्हणून आली आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून तुझ्याकडे परत गेली. इथे मला करायला काही नाही, एवढंच म्हणाली. आता तुझ्याच्याने तिचं होणार नाही, हे तिलाही कळतं. म्हणून ती जाणार नाही. पण तिसऱ्या दिवशी पिशवीकडे बघेल, आणि मला ते दिसेल.

तिला कोणता रंग आवडतो ते स्पष्ट विचार. आणि पत्राखाली ती दोन ओळी लिहायची, त्या गेल्या चार पत्रांत नाहीत. रागावली आहे का?

खिडकीची उंची चौऱ्याऐंशी इंच. आईच्या जुन्याच टेपने घेतली. उत्तराची वाट बघते.

बारकी


ता. २७ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

रागावलेली नाही. लिहायला तिला ओळ दिसत नाही. ऑक्टोबरपासून. उजेड कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते. रंग नाही, नक्षी नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही.

तुला कळवायचं नाही, अशी तिची ताकीद होती. कळलं तर बारकी मला कीव करून नेईल, म्हणाली. मी ऐकलं, ती माझी चूक. तिसऱ्या दिवसाचं तू लिहिलंस, ते मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

तेव्हा रंगाचा नाद सोड. हाताला बरं लागेल ते घे. माप मिळालं. टेप तोच, तू लहानपणी कातरलेला, हे लक्षात ठेवते. कापड पाठव, मीच कापीन. ऑपरेशनच्या आधी हे एवढं काम माझ्या हातून होऊ दे.

राग आला तर लिही, पण लिही.

ताई


ता. ३ फेब्रुवारी

ताई,

मायना लिहायला मन होत नाही. महिनाभर मी निळ्याच्या छटा जोखत होते आणि तुम्ही दोघी मला जोखू देत होतात.

काल दुकानात डोळे मिटून उभी राहिले. मला घेरी आली असं वाटून दुकानदाराने खुर्ची आणली. बसले नाही. ठाणांवरून हात फिरवत गेले. एक सापडलं, जाड सुती, अंगच्याच विणीत उभ्या रेघा उठलेल्या. रंग घरी येऊन पाहिला. राखाडी आहे. छापखान्याला चालेल.

कापड सोबत आहे. खालची दुमड हाताने घाल. लोभ सध्या आहे तेवढाच राहू दे.

बारकी


ता. २ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पडदा लावला, तर खाली दोन इंच उघडे. खुर्चीवरून उतरले, पुन्हा चढले, दांडा तपासला. मग टेप घेऊन बसले. मी कातरल्यापासून तो दोनवरच सुरू होतो. घरातली रीत अशी, की आई वाचेल तो आकडा सांगायची आणि कापणारी, म्हणजे तू, दोन वजा करायचीस. मला तुम्ही कात्रीजवळ कधी येऊ दिलं नाहीत. मी शहाणपणाने आधीच वजा करून कळवलं. तू पुन्हा केलंस.

दुमड उसवून पडदा खाली सोडणार होते. आईने सोडू दिला नाही. पहिल्या सकाळी मी जाईपर्यंत ती उठली होती आणि जमिनीवरच्या उजेडाच्या पट्टीच्या रोखाने एकटी खिडकीशी पोचली होती. एवढी खूण मला पुरते, म्हणाली. मग रेघांवरून नख फिरवलं, दुमडीवरून तुझा हात ओळखला. एक टाका सुटलाय, असंही सांगितलं.

तरी पिशवी दोन दिवस पलंगाखाली बांधलेलीच होती. जेवणाच्या सुट्टीत मी घरी येऊन ती बघून जायची. आज तिसरा दिवस. दुपारी आले, तर पिशवी पलंगावर, उघडी. आई आत हात घालून काही शोधत होती. मी दारातच थांबले. तिने सावलीवरून ओळखलं. पिशवीतून शिवणाचा खडू काढला आणि विचारलं, बाहेरच्या खोलीला पडदा का नाही, सगळा छापखाना तिथून आत येतो.

मी टेप दिला. तिने कातरलेलं टोक जमिनीशी दाबून धरलं, वरचा आकडा मी वाचला. वाचला तसा कळवते. अठ्ठ्याऐंशी. वजा या वेळी तू कर. गुडघा बरा झाल्यावर कर. आई म्हणते, घाई नाही.

परवाच्या ऑपरेशनची खबर भाऊजींनी लगेच कळवावी. लोभ पूर्वीसारखा, मोजून नको.

तुझी बारकी