उसाशासकट एक रेकॉर्ड

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, पूर्वी रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकण्याच्या कामावर, आता घरात सगळ्यांचे ऐकून घेण्याच्या कामावर, हे मृत्युपत्र तोंडाने सांगते आणि माझी नात, म्हणजे लेकीची लेक, ते कागदावर उतरवते. मला अक्षर येत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि या घरात माझ्याशी गोड बोलून काही काढून घेण्याइतका धीर कोणाला नाही. हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्याने आधीचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. वकीलसाहेब म्हणाले, भाषा कायद्याची ठेवा. जमेल तिथे ठेवली आहे.

कलम १. राहते घर, तीन खोल्या, मुलगा आणि लेक यांना निम्मे-निम्मे. मुलगा ते विकायला काढणार हे मला माहीत आहे, कारण पुढच्या खोलीची लांबीरुंदी तो मी झोपले आहे असे समजून मोजत होता. विकावे. मात्र नातीचे शिक्षण पुरे होईपर्यंत मागच्या खोलीतून तिला कोणी हलवू नये.

कलम २. बँकेतली ठेव त्याच हिशेबाने निम्मी-निम्मी. याविषयी आणखी काही सांगण्यासारखे नाही.

कलम ३. माझ्या नवऱ्याची हत्यारे. माझा नवरा, जाऊन अकरा वर्षे झाली, पियानोचे सूर लावायचा. तारा पिळायची किल्ली, सूर दाखवणारा लोखंडी चिमटा, शेजारच्या तारा गप्प करायच्या रबरी पाचरी आणि लोकरीच्या पट्ट्या, हे सगळे चामड्याच्या पिशवीसकट लेकीला द्यावे. तो चिमटा मुलगा कपाटात शोभेला मागतो आहे. त्याला देऊ नये. जी वस्तू वाजवायची, ती बघायला ठेवणारा माणूस माझ्या पोटी कसा आला, मला ठाऊक नाही.

या पिशवीवर माझा जुना राग आहे, तो लिहून ठेवते. पियानोला हात लावण्याआधी माझा नवरा साबणाने हात धुवायचा, पुसायचा, उन्हात धरून वाळवायचा. मला हात लावण्याआधी त्याने कधी हात धुतलेले आठवत नाहीत. दोनशेवर तारा असतात एका पियानोत, प्रत्येकीचा स्वभाव त्याला तोंडपाठ. घरात एकच बायको होती.

कलम ४. माझ्या रेकॉर्डी, एकशे चाळीस, सगळ्या एकट्या पियानोच्या आणि सगळ्या बाद झालेल्या, नातीला. बाद माल घरी न्यायची आम्हाला परवानगी असे. प्रत्येकीत काही ना काही खोट आहे. नातीने ती शोधत बसू नये, मी आयुष्यभर तेवढेच केले.

माझे काम तिला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मला ऐकायला कोणी ठेवले नव्हते, मी कव्हरे चिकटवणारी. एकदा पलीकडच्या खोलीत रेकॉर्ड वाजत होती. खळीचा ब्रश हातात धरूनच मी म्हटले, ही डुलते आहे. मुकादम हसला. मग मोजून पाहिले, तर मधले भोक केसभर बाजूला पडलेले. गाण्यात हे खपून जाते, कारण गाणाऱ्याचा गळा मुळातच डुलता असतो. पियानोत खपत नाही. एकटा पियानो, संथ चाल, लांब धरलेला सूर, त्याला लपायला जागाच नसते. तेव्हापासून पियानोच्या रेकॉर्डी माझ्याकडे. दर शंभरातली एक मी दोन्ही बाजूंनी ऐकायची आणि म्हणायची, पास किंवा बाद.

नावे वाचता येत नसल्यामुळे मीच नावे पाडली होती. रचना करणाऱ्यांत खोकलेबुवा, जे छातीच्या रोगाने लवकर गेले. बोटमोडे, ज्यांनी सरावाच्या नादात स्वतःचेच बोट कामातून घालवले. आणि केसाळ, ज्यांना दोन हात पुरत नसत. वाजवणाऱ्यांत आपट्या, पायाने पट्टी दाबली की जमीन हादरवणारा. घुम्या, वाजवता वाजवता नाकात घुमणारा. आणि एक उसना, ज्याने आपले असे काहीच वाजवले नाही. घुम्याच्या सगळ्या रेकॉर्डी आम्ही पास केल्या. नियमच होता, खुर्चीची करकर, घुमणे, श्वास हे माणसाचे असते, ते दोष धरायचे नाहीत. दोष फक्त यंत्राचा. हा नियम पुढे लागणार आहे.

कलम ५. (हे कलम आडव्या रेघेने खोडलेले आहे, तरी ते वाचता यावे असे मी सांगितले आहे. कारण कलम ७ मध्ये.) माझ्या लाकडी पेटीत, हिवाळी कोटाच्या खाली, एक रेकॉर्ड कोऱ्या पांढऱ्या कव्हरात आहे. ती माझ्या मृत्यूनंतर, जिने ती वाजवली तिला द्यावी आणि हे कलम तिला वाचून दाखवावे.

तिला मी हातमोजेवाली म्हणते. पन्नासाहून जास्त वर्षांपूर्वी ती रेकॉर्डिंगला आली. लाल दिवा लागेपर्यंत बोटे कापलेले लोकरीचे हातमोजे काढायची नाही. पियानो लावायला माझा नवरा होता, आणि एखादी तार मध्येच उतरली तर म्हणून तो तिथेच कोपऱ्यात स्टुलावर बसून असे. माणूस मोजून बोलणारा. पण त्या तीन दिवसांत जेवताना हातमोज्यांचा रंग, तिच्या हाताची वीत, ती खुर्ची किती खाली घेते, सगळे मला सांगून झाले. माझ्या हाताची वीत त्याने कधी कोणाला सांगितली असेल असे मला वाटत नाही.

मग ती रेकॉर्ड माझ्या टेबलावर आली. पहिली बाजू निर्मळ. दुसऱ्या बाजूला, खोकलेबुवांच्या एका संथ तुकड्यात, शेवटचा सूर विरत जातो आणि कोणीतरी उसासा टाकते. अगदी बारीक. दुसऱ्या कोणाला ऐकू आला नसता. माझ्या नवऱ्याचे नाक लहानपणी मोडलेले, श्वास सोडताना शेवटी एक इवलीशी शीळ वाजत असे. त्या शिळेशेजारी मी चौदा वर्षे झोपत होते. घरी तो उसासा टाके तो बूट काढताना. असा, जपून धरलेला आणि मग नाइलाजाने सुटलेला, माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

मी म्हटले, बाद.

मुकादमाने विचारले, कशामुळे. मी म्हटले, साच्यात नाही, मुळातच आवाज आहे. स्टुडिओतल्या साहेबांनी ऐकले, त्यांना काही सापडले नाही. पण सात वर्षांत माझा कान एकदाही चुकला नव्हता, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कानांना नावे ठेवली आणि माझे ऐकले. निघालेला सगळा माल भरडून पुन्हा वितळवला. मूळ फीत पुसून दुसऱ्या कामाला घेतली. हातमोजेवालीला कळवले की दोष आहे, पुन्हा वाजवायला या. तोवर तिच्या हाताचे दुखणे सुरू झाले होते. ती आली नाही आणि तिची दुसरी रेकॉर्ड कधी निघाली नाही. टेबलावरची एक मी कोटाखाली घालून घरी आणली.

मी खोटे बोलले नाही. आवाज होता. पण तो माणसाचा होता.

आणखी एक, हे सांगायला मला तीन दिवस लागले. महिनाभराने नवरा जेवताना म्हणाला, "ती रेकॉर्ड निघालीच नाही म्हणे. पियानो असा मला जन्मात पुन्हा लागणार नाही. एकदा ऐकायचा होता." मी म्हटले, यंत्राचा काहीतरी घोटाळा असेल. तो म्हणाला, "तुझ्या टेबलावरून गेली असती, तर तू वाचवली असतीस." मी त्याला वाढले. पेटी त्याच्या खाटेपासून चार पावलांवर होती. तो कामाला गेला की मी ती रेकॉर्ड लावायची, चाळीस वर्षे लावली. त्याला एकदाही ऐकवली नाही. नात लिहिता लिहिता म्हणाली, "आजी, म्हणजे तो उसासा तिच्यासाठी नव्हताच, पियानोसाठी होता." मी म्हटले, पियानो काय माझी बहीण लागते? तीही सवतच.

कलम ६. शिवणयंत्र सुनेला. ते तिने न विचारता वापरायला घेतलेच आहे. आता विचारल्यासारखे होईल. माझ्या हातची शिवण तिच्यापेक्षा सरळ होती हे या कागदावर राहू द्यावे.

कलम ७. कलम ५ रद्द. कारण असे.

तीन महिन्यांपूर्वी हातमोजेवालीचा पुतण्या कारखान्यातल्या जुन्या माणसांचे पत्ते काढत माझ्या दारात आला होता. म्हणाला, काकूला आता ती रेकॉर्ड नको, निघणार नाही हे तिला कळते. तिला एवढेच विचारायचे आहे की दोष काय होता. मी म्हटले, फार जुनी गोष्ट, आठवत नाही. त्याला पाणी दिले आणि पाठवले. त्याच आठवड्यात मी वकिलांना बोलावणे धाडले, कारण मेल्यावर खरे बोलायला माणसाला लाज वाटत नाही.

वकीलसाहेबांनी कलम ५ वाचले, चष्मा काढून पुसला आणि विचारले, त्या बाईंचे वय काय. मी सांगितले, त्र्याण्णव. ते म्हणाले, "आजी, तुम्ही चांगल्या ठणठणीत आहात. हे कलम लागू व्हायला ऐकणारी उरली पाहिजे."

एवढे शिकलेले लोक कधीकधी उपयोगाचे बोलतात. मी दोन दिवस जेवणावर राग काढला. तिसऱ्या दिवशी नातीला रिक्षा बोलवायला सांगितले.

ती दुसऱ्या मजल्यावर राहते. पियानो बंद, त्याच्या झाकणावर औषधांच्या बाटल्या. हातांची बोटे वळून झाडाच्या मुळांसारखी झालेली. मी पहिल्यांदा तिची वीत बघितली. आता तिला वीत राहिलेली नाही. तिच्या कानात यंत्र आहे. पुतण्या म्हणाला, त्यातून बोलणे कळते, सूर कळत नाहीत, सगळा पत्रा वाजल्यासारखा वाटतो. म्हणजे मी पन्नास वर्षे दाबून ठेवलेली रेकॉर्ड तिच्यापुढे नेली, आणि ती तिला ऐकू येणार नव्हती.

मी सगळे सांगितले. नवरा, शीळ, बाद, भरडलेला माल. पेटीचेही सांगितले. मला वाटले होते ती ओरडेल. ती म्हणाली, "मी आजपर्यंत माझ्या डाव्या हाताला दोष देत होते." एवढेच, आणि त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता तुम्ही ऐका. मला सांगा."

पुतण्याच्या यंत्रावर रेकॉर्ड लावली. मी कारखान्यात बसायची तशी बसले, पाठ सरळ, डोळे मिटून. पहिली बाजू, मग दुसरी. ती माझे तोंड बघत होती. उसासा आला, गेला. मी डोळे उघडले आणि मोठ्याने, तिच्या यंत्रात शिरेल असे म्हटले, पास.

ती रडली. मी रडले नाही, कारण मला तिला एक विचारायचे होते. मी विचारले, तो तुम्हाला कधी काही बोलला होता का. ती म्हणाली, "कोण?" म्हटले, पियानो लावणारा. तिने खूप आठवून पाहिले. म्हणाली, "होता का तिथे कोणी?"

ज्या बाईवर मी अर्धे आयुष्य जळले, तिला माझा नवरा आठवत नव्हता. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याऐवजी संताप आला. तीन दिवस तो माणूस तिच्यामागे दहा पावलांवर बसला होता. तिच्या बोटांखालचा प्रत्येक सूर त्याने पहाटे येऊन जागेवर बसवला होता. उसना असो, आपट्या असो, वाजवणाऱ्याचे नाव कव्हरावर येते. रचना करणाऱ्याचे येते, मेला असला तरी येते. लावणाऱ्याचे मी एकाही कव्हरावर ऐकले नाही, आणि शेकडो कव्हरे मी या हातांनी चिकटवली आहेत.

मी रेकॉर्ड परत कोऱ्या कव्हरात घातली आणि मांडीवर धरून बसले. म्हटले, ही तुमची. पण आधी त्यावर तुमचे नाव लिहा आणि त्याखाली त्याचे. त्याचे नाव मी सांगते. पुतण्या म्हणाला, मी लिहितो, काकूला पेन धरवत नाही. मी म्हटले, तुम्ही वाजवली नव्हती.

तिने पेन मुठीत धरले. फार वेळ लागला. मी मदत केली नाही. नातीने मागाहून अक्षर न् अक्षर तपासून बरोबर असल्याचे सांगितले. निघताना नातीने मला विचारले, येण्याआधी घरी मोबाईलवर नक्कल करून ठेवायची होती का. मी म्हटले, नको. नक्कल ठेवून दिले, तर दिले कसले.

सबब ती रेकॉर्ड आता माझ्या मालमत्तेत नाही, कोणी पेटी उचकू नये. माझ्या नवऱ्याचा जगात उरलेला तेवढाच आवाज दुसऱ्या बाईच्या घरी आहे, हे मी पूर्ण शुद्धीत आणि अजिबात आनंदाने नव्हे, मान्य करते. मला वाचता येत नाही, पण कव्हरावर दोन ओळी होत्या एवढे दिसले. खालची लांब होती.

वरील सर्व मजकूर नातीने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. दोन ठिकाणी तिने माझी भाषा सौम्य केली, ती मी पुन्हा मूळपदावर आणली.

अंगठा उठवणारी: (डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणारी: नात (सही)

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या दारातल्या निवृत्त शाळामास्तरीणबाई (सही)

दोघांनी मला अंगठा उठवताना पाहिले आणि मी त्यांना सही करताना.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: अकराव्या महिन्याची एकोणीस, सकाळी साडेदहा