जिनिव्हात आपल्या नावानं कोण बोललं?

प्रिय ठमाआत्या,

जिनिव्हाहून परत आले. अख्खी कातकरवाडी भोवती जमली. थंडी होती का, विमानात भीती वाटली का, जेवलीस काय, सगळं विचारून झालं. "त्यांनी काय घेतलं गो तुझ्याकडनं?" हे मात्र कुणी विचारलं नाही. ते तूच विचारलं असतंस. म्हणून तुलाच लिहितेय.

आमंत्रण खरं तर तुझं. जगभरातल्या आदिवासींची सभा, तिथं आंजर्ल्याच्या सड्यावरच्या, ह्या उघड्या कातळपठारावरच्या कातकऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडायचं. संस्थेच्या अनुजाताई सांगायला आल्या तेव्हा तू खेकडे साफ करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आमचं आयकून त्यांना काय मिळनार?" ताई हसल्या. तू नाही हसलीस. आणि मग तापाचं निमित्त होऊन चालती झालीस! जाणं माझ्या गळ्यात पडलं. असं करतं का कुणी?

तुझ्या संशयाचा किती राग यायचा मला! शिधा वाटायला कुणी आलं तरी "का देताव, ते आदी सांगा." अंगठा मागितला की मूठ बंद. "हाताला हाय तवर अंगठा माझा. कागदावर गेला की त्यांचा." रिसॉर्टवाले सडा मागायला आले, खाली ओढ्याकाठी पक्की घरं देतो म्हणाले, तेव्हा वाडीतले अर्धेअधिक हात पुढं झाले होते. तुझी मूठ उघडली नाही म्हणून आपण अजून वर आहोत.

तू गेलीस त्या दिवशी मला नीट रडताही आलं नाही. अनुजाताई कॅमेरा घेऊन आल्या होत्या. तुझ्या तोंडावरचा पदर मी घट्ट धरून बसले.

सभेत सगळ्यांच्या कानाला यंत्रं. त्यात जगातल्या भाषा ऐकू येत होत्या, मराठी नव्हती. मी बोलायचं, ताईंनी ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलेलं. मी म्हटलं, "आम्हाला सड्यावरून उठायचं नाही. आमची माणसं तिथं पुरलीत. आम्हाला न विचारता जमिनीची मोजणी सुरू झाली." मग ताई बोलल्या. आणि टाळ्या पडल्या! आत्या, आम्हाला हाकलतात म्हटल्यावर कुणी टाळ्या वाजवतं का?

बाहेर चहाच्या टेबलापाशी झारखंडची फुलमणी भेटली. तिला इंग्रजी येतं. "बधाई हो बहन," ती म्हणाली, "आपके लोग नई जगह जाने को मान गए."

"हम कब माने?" मी ओरडलेच.

ताईंना गाठलं. त्या शांत. "अगं, इथली भाषा वेगळी असते. चर्चा पुढे सरकतेय, लोक तयार होताहेत, असं म्हणावं लागतं. दारं उघडी ठेवायची असतात."

"कुणाची दारं, ताई?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. ताई रिसॉर्टवाल्यांना मिळाल्या होत्या, की आपलं भलं त्यांना खरंच त्यात दिसत होतं? मला अजून उमगलेलं नाही. तू म्हणाली असतीस, घर गेल्यावर त्यात फरक काय?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोलायला वेळ मागितला. "संस्थेला अडचणीत आणशील," ताई म्हणाल्या. "पुढं कुणी बोलावणार नाही तुम्हाला." मी फुलमणीला म्हटलं, तू सांग माझं. पण तिच्यावर तरी का विश्वास ठेवायचा? तिला आधी इंग्रजीत म्हणून दाखवायला लावलं. मग नेपाळच्या एका बाईला बाजूला घेतलं आणि हिंदीत विचारलं, ही नक्की काय म्हणाली? फुलमणी रागावली नाही. हसून म्हणाली, "मेरी नानी भी ऐसी ही थी."

मग मी उभी राहिले. "काल आमच्या नावानं जे सांगितलं ते आमचं बोलणं नव्हतं. आम्ही होकार दिलेला नाही." फुलमणीनं ते इंग्रजीत सांगितलं. ह्या वेळी टाळी पडली नाही. सगळे गप्प. मला त्या गप्प बसण्याचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अध्यक्षबाईंनी ते नोंदवायला सांगितलं. परतीच्या विमानात ताईंनी दुसरीकडची जागा मागून घेतली.

परवा तालुक्याहून साहेब आले. मोजणी तूर्त थांबवलीय म्हणाले. वाडी खूश झाली, बाया नाचल्या. मी साहेबांना चहा दिला आणि विचारलं, "तूर्त म्हणजे कुठपर्यंत?" त्यांनी कप खाली ठेवला आणि गाडी काढायला सांगितली. आत्या, आपलं बोलणं खरंच पोचलं, की आपल्याला निजवताहेत? तू असतीस तर त्यांच्या नुसत्या चपला बघून सांगितलं असतंस!

पुन्हा बोलावणं आलं तर मी जाईन. न जाऊन चालणार नाही. आपण नसलो तरी आपल्या नावाची खुर्ची तिथं असतेच, कुणीतरी बसतंच तिच्यात. पण वचन देते, तिथं जे बोलायचं ते आधी वाडीत बोलेन, आपल्या बोलीत, सगळ्यांसमोर. एका म्हातारीनंही नको म्हटलं तर ते वाक्य सडा उतरणार नाही. आणि माझ्यावरही नजर ठेवा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझ्यासारखीच होत चाललेली,
सुरेखा