मुखियाची पँट

मंगळवार, ४ जून

बसानीचं नवं कापड! काळ्या कापडावर रंगीत दोऱ्याने भरलेला आमचा मुखिया मखुबेले, कोट-टाय घालून. गावाच्या कोरड्या नळाला टेकून घोरतोय, आणि पोटावर कोंबडी अंडी घालतेय. मरूलाच्या झाडाखाली भरतकामाला बसणाऱ्या आम्ही अकरा बायका. दहाजणी हसून लोळल्या. अकरावी मी.

टाके बघा तिचे! वाकडेतिकडे, मागून नुसत्या गाठी. माझा धनेश पक्षी दोन्ही बाजूंनी सारखा. त्याला आमच्यातली सगळ्यात म्हातारी कोकवाना काय म्हणाली? "छान हं, रुलानी." झालं!

गुरुवार, ६ जून

मीही गंमत काढायला गेले. बोकड भरला आणि त्याला चष्मा घातला.

"कोण गं हा? तुझा दीर का?" कोकवानाने खरंच विचारलं.

कुणी हसलं नाही. जळते मी बसानीवर. लिहून टाकलं, बास.

सोमवार, १० जून

मुखियाच्या कानावर गेलंच. कापड उचलून नेलं त्याने, आणि गुरुवारी सगळ्यांना सभेला बोलावलंय. कोपऱ्यात नाव आम्ही सगळ्यात शेवटी भरतो, ते अजून राहिलंय, म्हणून कुणाचं ते त्याला कळलेलं नाही. बसानीचं तोंड एवढंसं झालंय, कारण तिच्या घराच्या जागेच्या कागदावर त्याचीच सही व्हायचीय. "सांगू नका गं कुणी!"

मला वाटलं, सांगावंच.

गुरुवार, १३ जून

सगळं गाव जमलेलं. मुखियाने कापड फडकवलं. "कुणाचं हे?"

बसानी खाली बघत होती. आणि मी उठले. "माझं."

तिला वाचवायला? छे! सगळं गाव त्या कापडाकडे बघत होतं. एकदा तरी ते माझं असावं, एवढंच वाटलं.

"मग उसव! इथेच, सगळ्यांसमोर."

कात्री घेतली. कोंबडीपासून सुरुवात करता आली असती. मी पँटपासून केली. थोड्या वेळाने मुखियाच्या अंगावर कोट, टाय — आणि खाली काहीच नाही! आधी कोकवानाला हसू फुटलं, मग सगळ्या गावाला.

"पुरे! पुरे!"

"अर्धंच झालंय, साहेब. हुकूम तुमचाच ना?"

कापड हिसकावून चालता झाला.

शनिवार, १५ जून

बसानी आली. सही झाली म्हणे. आभार मानेल असं वाटलं, तर म्हणाली, "पँट आधी काढायची... मला का नाही सुचलं गं?"

चहा न पिताच गेली. मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटली.