गाळाचे तीन थर

मी, श्रीमती यामिनी प्रकाश देवस्थळी, वय ६८, उत्खननाच्या कामातून निवृत्त, राहणार ल्यूकन, आयर्लंड, हे मृत्युपत्र कोणीही न सांगता, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. हृदय कमजोर आहे, डोके शाबूत आहे.

१. ल्यूकनचे घर मुलगी सानिका हिला. अट एकच. माझ्या पश्चात महिन्याभरात तिने ड्रोहेडाजवळचे नदीकाठचे घर सोडून इथे राहायला यावे.

२. कारण असे. २००४ साली, तिची कॉलनी बांधण्यापूर्वी, ती जागा मीच खणली होती. सहा फुटांखाली रोमन व्हिला लागला. रंगीत खड्यांची फरशी, खाली गरम हवेची पोकळी. आयर्लंडात रोमन राज्य कधी नव्हतेच, त्यामुळे माझे ऐकून खोदकामावरचा साहेब हसला. "यामिनी, सीझरची ड्रोहेडाची बस चुकली होती."

मला हसू आले नाही. त्या रोमन घरात गाळाचे तीन थर होते. दोनदा पूर ओसरल्यावर त्या लोकांनी गाळावरच नवी फरशी घातली होती. तिसऱ्यांदा कोणी घातली नाही. तो गाळ माझ्या छातीपर्यंत होता, आणि त्यात चुलीवरचे भांडे जागच्या जागी होते.

घरी सांगितल्यावर दीर नरेंद्र म्हणाले, "वहिनी, खणायचं परमिट संपत आलंय. नसती उठाठेव कशाला?" मी अहवालात 'उल्लेखनीय काही नाही' असे लिहून सही केली. सानिकाने तिथे घर घेतले तेव्हा वास्तुशांतीचा प्रसादही वाटला, पण तोंड उघडले नाही. मला त्याची लाज वाटते.

३. खरी वही आणि फोटो हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांखालच्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. ते सरकारी पुरातत्त्व खात्याला द्यावेत.

४. माझे खणायचे ट्रॉवेल नात स्वरांगीला. गेल्या रविवारी तिने सानिकाच्या बागेत वीतभर खड्डा केला. "आजी, लुक, इट्स फिलिंग अप!" खालून पाणी चढत होते. दहा दिवस पाऊस नव्हता.

५. नरेंद्रभावजींना माझे गमबूट. त्यांचा सल्ला मी वीस वर्षे वापरला, आता त्यांनी हे वापरावेत.

६. साक्षीदार रेवतीने वरील मजकूर वाचून विचारले, "काकू, हे त्यांनी तुम्ही गेल्यावर वाचायचं?" म्हणून कलम १ मधील 'माझ्या पश्चात महिन्याभरात' हे शब्द खोडून 'आजच' असे लिहिले आहे. खोडल्या जागी सही केली आहे.

सकाळपासून पाऊस आहे. सानिकाला तीनदा फोन लावला, ती उचलत नाही. दुसरी साक्षीदार उर्मिला हिने गाडी बाहेर काढून ठेवली आहे. सह्या झाल्या की निघतो.

साक्षीदार: रेवती सबनीस, उर्मिला गोगटे (दोघी शेजारी)

सही: यामिनी प्र. देवस्थळी
ल्यूकन, १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वातीन