कोणताही रंग उतरतो

८ जानेवारी १९९५, रविवार
विधानसभेला उभे राहायचे ठरवले.

पत्नी मालती जाऊन दोन महिने झाले. घर फार शांत आहे. जयश्री असते, पण ती मैत्रिणींशी गुजराथीत बोलते आणि माझ्याशी फक्त "पप्पा, जेवायला बसा" एवढेच.

हा निर्णय दुःखात घेतलेला नाही, हे इथे नोंदवतो. सप्टेंबरात सुरतेत प्लेगच्या भीतीने आमचे सगळे लिंबायत गावी पळाले, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी घराच्या किल्ल्या आमच्याकडे ठेवल्या. आणि मालतीच्या तेराव्याला, गंधमुक्तीला, इतकी माणसे आली की पंगती शेजारच्या गल्लीत बसवाव्या लागल्या. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसच्या टाइमकीपरच्या घरी उगीच एवढी माणसे येत नाहीत. माझे नाव आहे. मलाच ते आजवर माहीत नव्हते.

९ जानेवारी, रात्री
गंधमुक्तीला भूपेंद्रभाई आले होते. पक्षाचे मोठे कार्यकर्ते. सतरंजीवर बसून म्हणाले होते, "रघुनाथभाई, कंई पण काम होय तो कहेजो." आज जाऊन काम सांगितले. तिकीट.

ते हसले. मी हसत नाही असे पाहून त्यांनी चहा मागवला.

अपक्ष उभा राहणार. ते जास्त चांगले.

१५ जानेवारी, रविवार
अभ्यास केला. गुजरातच्या विधानसभेत १८२ जागा. सरकार बनवायला ९२ लागतात. कोणाला ९० मिळाल्या, कोणाला ८९, तर मधल्या दोनचार अपक्षांच्या घरी गाड्या येतील. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही. फाटकाशी थांबायला सांगेन.

मंत्रिपद नको. भाषणे करावी लागतात, आणि मला चार माणसांत बोलायला जमत नाही. पण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधानसभेच्या अध्यक्षांविषयी वाचले. सगळे सभागृह बोलते आणि अध्यक्ष ऐकतात. फार झाले तर म्हणायचे, शांत राहा, खाली बसा. तो कोणाच्याही बाजूचा नसावा लागतो. मी कोणाच्याच बाजूचा नाही. इतकी वर्षे मला वाटायचे माझ्यात काहीतरी कमी आहे. ती कमी नव्हती, पात्रता होती.

भिकनला सांगितले. भिकन म्हणजे मालतीचा धाकटा भाऊ, लूमवर असतो. सगळी कारागीर पोरे त्याच्या शब्दात. तो म्हणाला, "दाजी, तुम्हीन फक्त उभा ऱ्हा. बाकी मी शे ना." डोळ्यांत पाणी आले. मालतीचा भाऊ शोभतो.

२४ जानेवारी, मंगळवार
अर्ज भरला. सूचक म्हणून भिकनची सही. जयश्री म्हणाली, पप्पा, तुम्ही दूधवाल्याला पाणी जास्त आहे हे सांगू शकत नाही. मी तिला सांगितले की अध्यक्षाला दूधवाल्याशी बोलावे लागत नाही.

प्रचाराचा आराखडा: पुरुषांकडे भिकन जाईल. बायकांकडे जाण्याची गरज नाही, घरचा माणूस सांगेल तिथे त्या शिक्का मारतात. मी सकाळी गल्लीच्या तोंडाशी हात जोडून उभा राहीन.

३० जानेवारी
चिन्ह मिळाले. मी खुर्ची मागितली होती, सगळ्यांच्या लगेच लक्षात आले असते. पण आणखी एकाने खुर्चीच मागितली आणि चिठ्ठी त्याची निघाली. मला शिलाई मशीन.

घरी सांगितले. जयश्रीने बाहेरच्या खोलीतल्या मालतीच्या मशीनकडे पाहिले आणि आत गेली. मशीनवर नोव्हेंबरपासून कव्हर आहे. मला बायकी चिन्ह वाटते. तक्रार करणार होतो, पण अधिकारी घाईत दिसला.

६ फेब्रुवारी
रोज सकाळी उभा राहतो. लोक थांबतात, हात धरतात, "आबा, वाईट झालं" म्हणतात. मीही मान हलवतो. पाठिंबा वाढतो आहे. कोणीही नाही म्हटलेले नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
धक्कादायक बातमी. महाराष्ट्रातही विधानसभेची निवडणूक चालू आहे, आणि आमच्या लोकांची नावे गावच्या यादीतही आहेत. गावच्या एका उमेदवाराने सुरतेला ट्रक पाठवला. जाणे-येणे, जेवण फुकट. भिकन सगळ्या पोरांना घेऊन जाणार. ट्रकात बायकांना जागा नाही.

मी म्हटले, भिकन, प्रचार कोण करणार? तो म्हणाला, दाजी, परवा गेलो, तेरवा आलो. गावात मान ठेवावा लागतो. तुम्हीही चला, तुमची बहीण बोलावते आहे.

माणसे हातची जाऊ नयेत म्हणून मीही जातो आहे.

१३ फेब्रुवारी, सोमवार
परत आलो. एक लहानशी गोष्ट घडली.

गावच्या शाळेबाहेर रांगेत अर्धे लिंबायत उभे. प्रचाराची अशी संधी कुठे मिळणार? मी रांगेत शिरून एकेकाला भेटू लागलो. भेटता भेटता रांग पुढे सरकत गेली. दाराशी शाळेतल्या मास्तरांनी हाक मारली, "आबा, तुमचं नाव अजून आहे हो आमच्याकडे." सगळे बघत होते. नाही म्हणणे बरे दिसले नाही.

तसे यात काही चुकीचे नाही. राज्ये दोन, विधानसभा दोन.

डाव्या हाताच्या बोटाला शाई आहे. साबणाने जाईल.

१५ फेब्रुवारी
साबणाने गेली नाही. लिंबू, रॉकेल, वीट. नाही.

भूपेंद्रभाई रस्त्यात भेटले. माझे बोट पाहिले. मग म्हणाले, "रघुनाथभाई, तमारी बधी मेदनीनी आंगळी आवी ज छे?" सगळ्या पोरांची बोटे अशीच होती. मी हात खिशात घातला. इथे बूथवर सगळ्यांत आधी डावे बोट बघतात, हे मला माहीत होते. लक्षात नव्हते.

१६ फेब्रुवारी
काळजीचे कारण नाही. वीस वर्षे डाइंगमध्ये गेली. आमच्याकडे चुकून काळा झालेला अख्खा लॉट हायड्रो पावडरीच्या गरम पाण्यात घातला की पांढरा होऊन बाहेर येतो. कोणताही रंग उतरतो. माणसाचे बोट म्हणजे किती कापड?

डाइंग मास्टर मारुती हायड्रो द्यायला तयार आहे. म्हणाला, आबा, आमदार झालात की माझ्या नाइट शिफ्टचं बघा. वचन दिले. माझे पहिले.

१७ फेब्रुवारी
भिकनच्या खोलीवर बादली ठेवली. सगळ्या पोरांनी आळीपाळीने बोटे बुडवली. सडक्या अंड्यासारखा वास. एक जण म्हणाला, "आबा, यानंतर शिक्का मारायला बोट राहील ना?" सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

माझे बोट मी सगळ्यांत जास्त वेळ ठेवले. पुढाऱ्याने मागे राहू नये.

१८ फेब्रुवारी
कातडी गेली. शाई आहे. नखावर तर जास्तच काळी दिसते. जयश्रीने पट्टी बांधली आणि विचारले, दुखतं का. सभागृहात जखमी अवस्थेत प्रवेश केलेले लोकही असतील.

पट्टीच ठेवावी. पट्टीखाली कोण बघते?

२६ फेब्रुवारी, रविवार
मतदान होऊन गेले. त्या दिवशी लिहिले नाही. वही धरायला डावे बोट लागते.

बूथवर एक गुजराथी शिक्षिका होत्या. म्हणाल्या, काका, पट्टी छोडो. मी म्हटले, भाजले आहे. त्या म्हणाल्या, तो पण छोडो. सोडली. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "आ तो वोट आपी आव्या छो." मत देऊन आलो होतो, पण गावी. मी हळूच सांगितले की मी स्वतः उमेदवार आहे. "उमेदवार होय के गमे ते, काका. आंगळी तो आंगळी."

मागे वळलो तर रांगेतली आमची पोरे हात खिशात घालून एकेक करून बाहेर पडत होती. सगळ्यांत पुढे भिकन.

असा विश्वासघात मी पाहिला नाही. सूचक म्हणून सही करणाराच माझी सगळी मते ट्रकात भरून राज्याबाहेर घेऊन गेला. संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटले, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला फसवलेस. ती असती तर?

तो खाली बघत म्हणाला, "दाजी, तुम्हीन बी व्हतात ना रांगमा."

त्याच्याशी बोलणार नाही. मारुतीशीही. भूपेंद्रभाईंशी तर मुळीच नाही.

१२ मार्च, रविवार
मोजणी झाली. एका पक्षाला पूर्ण बहुमत. अपक्षांची कोणालाच गरज नाही. गाडी वळायचा प्रश्न मिटला.

मला अडतीस मते. डिपॉझिट गेले. खुर्चीवाल्याला माझ्याहून पुष्कळ जास्त.

पण ही अडतीस कोणाची? पोरांची बोटे काळी होती. माझे स्वतःचेही नाही. म्हणजे लिंबायतमध्ये अडतीस माणसे अशी आहेत जी मला न सांगता माझ्यामागे उभी राहिली. त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करता येईल. त्यांना शोधले पाहिजे.

१९ मार्च, रविवार
शोधावे लागले नाही. दुपारी समोरच्या इंदुबाई आल्या, मागे शांताबाई, मग गल्लीतल्या आणखी पुष्कळ. मी शर्ट बदलून बाहेर आलो.

इंदुबाई म्हणाल्या, "आबा, आम्ही मारला बरं का शिक्का. ट्रकात आम्हाला कोणी घेतलं नाही. कागदावर मशीन दिसलं, म्हटलं हे तर आपल्या मालतीबाईचं."

मी आभाराचे दोन शब्द मनात जुळवत होतो. त्या म्हणाल्या, "आता आमचे ब्लाऊजपीस द्या. दिवाळीपासून पडलेत. आधी दुखवटा, तेव्हा कसं मागायचं? मग तुम्ही इलेक्शनमध्ये."

जयश्रीने कपाट उघडले. मी नोव्हेंबरपासून उघडले नव्हते. वरपासून खालपर्यंत कापड. कोणते कोणाचे, मला काय माहीत. त्यांनी सगळे सतरंजीवर ओतले. हा माझा, नाही गं तो माझ्या सुनेचा, याला अस्तर दिलं होतं. शांताबाई जयश्रीला सांगत होत्या, प्लेगात मी किल्ली तुझ्या आईच्या हातात दिली तेव्हाच हा पीसही दिला होता. तुझे वडील ड्युटीवर होते. ती रोज माझ्या तुळशीला पाणी घालायची.

मला हे माहीत नव्हते. मी किल्ल्यांचा वेगळा हिशेब धरला होता.

गंधमुक्तीला याच सगळ्या होत्या. पंगतीत पाहिलेले चेहरे.

मध्येच एका कापडावरून दोघींचे वाजले. सगळ्या एकदम बोलू लागल्या. कोणाचे कोणाला ऐकू येईना. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो. एक जण म्हणाली, आबा, तुम्हीच सांगा. मी ऐकत राहिलो. थोड्या वेळाने त्यांचे त्यांनीच मिटवले.

जाताना इंदुबाईंनी जयश्रीला विचारले, तुला येतं का गं मशीन? ती म्हणाली, थोडं. कव्हर काढून ठेवले आहे.

बोटाला नवी कातडी आली आहे. नखाच्या टोकाला अजून काळे आहे, ते कापले की जाईल.