चढाला दमणारी बस

प्रिय कुरियाच्चन,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस, पत्राला सुरुवात लागते म्हणून लिहिलंय. परवा तू नवी बस खपवायला माझ्या अंगणात आलास, प्लम केकचा डबा पुढे केलास आणि चारचौघांत मला 'ताई' म्हणालास. जिच्याशी तुझं लग्न ठरलं होतं तिला ताई म्हणताना तुझी जीभ जराही अडखळली नाही. केक मी कोंबड्यांना घातला.

आता गाडीचं बोलू. 'डोळे झाकून घे, ताई, वर्षानुवर्षं बघायला नको,' असं तू छातीवर हात ठेवून सांगितलंस. पण चालवून दाखवायला गाडी नेलीस ती खाली नदीकडे. शेवटी माझा ड्रायव्हर शिवन म्हणाला, 'मुदलाळी शेठ, जरा वर पण जाऊ या की. आमची माणसं काय नदीत राहतात?' चर्चच्या चढाला इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालवर गेला, वाफ निघाली आणि इंजिन गप्प. तू खाली उतरून म्हणालास, 'नवी नवरी आहे, लाजतेय!' चहाच्या दुकानातले सगळे हसले. शिवन हसला नाही. त्याने कट्टप्पनाच्या स्टँडवर चौकशी केली. या गाडीची पहिली खेप सगळी अशीच निघाली आहे, चढ लागला की तापते आणि बंद पडते. ब्रेक पक्के आहेत, त्यामुळे जिवाला धोका नाही, इतकंच. आणि हे तुला आधीपासून माहीत होतं.

माझी अडचणही तुला माहीत होती, म्हणून तर आलास. माझ्या जुन्या बसचं वय संपलंय. ओणमच्या आत नवी गाडी दाखवली नाही तर परमिट जाईल आणि दुसरीकडे कुठे इतक्या लवकर गाडी मिळत नाही. माझी लेक लिसी डब्लिनहून फोनवर रागावते, 'अम्मच्ची, त्या माणसाचं तोंडही बघू नकोस. परमिट जाऊ दे, माझ्याकडे ये.' तिकडे जाऊन मी काय करू? खिडकीतून पाऊस बघू? माझा नवरा पैली गेला तेव्हा दिवसकार्याची माणसं घरात असतानाच बाकीचे बसमालक या रूटचा सौदा करायला आले होते. त्यांच्या नाकावर टिच्चून मी बस चालू ठेवली. वेलदोड्याच्या मळ्यातल्या बायका सकाळी माझ्याच गाडीने कामाला जातात. हा रूट गेला तर मी नुसती पैलीची विधवा उरेन.

आणि तू म्हणतोस डोळे झाकून घे. कुरियाच्चन, तुझ्या बाबतीत मी एकदा डोळे झाकले होते. साखरपुडा झाला, माझ्या बापाने, अप्पच्चनने, लग्नाच्या जेवणासाठी डुकरं पाळायला घेतली, माझी मंत्रकोडी, ती लग्नाची साडीसुद्धा, तुझ्या आईने येऊन पसंत केली. मग सोसम्माच्या बापाच्या तीन बस तुम्हाला दिसल्या. तेवढंच सांगितलं असतंस तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. पण तुला आपला शर्ट पांढरा ठेवायचा होता. तू गावभर सांगितलंस, 'मुलीला दमा आहे, चर्चच्या पायऱ्या चढताना धापा टाकते, खोट लपवून गळ्यात मारत होते.' त्या दिवशी मी मिरवणूक चुकेल म्हणून पळत चढले होते, रे! त्यानंतर जे जे स्थळ आलं, ते आधी माझा श्वास मोजायचं. एका बाईने तर माझ्या पाठीला कान लावला. अप्पच्चन ओट्यावर खाली मान घालून बसला होता. तो तसाच झिजून गेला. पैलीने मला केली तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि तो विधुर होता. माणूस सोन्यासारखा मिळाला, पण त्याचं श्रेय मी तुला देणार नाही. अप्पच्चनची ती खाली गेलेली मान मी तुला कधीच माफ केलेली नाही. करणारही नाही. फादरनी कन्फेशनमध्ये कितीदा समजावलं, मी दर वेळी मान डोलावते आणि घरी येते.

तर मी ठरवलंय, ही बस मी घेणार. रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की फादर बाहेर येऊन गाडीवर तीर्थ शिंपडतील. आपल्याकडे बसला नंबराने कोण ओळखतं? कोणी संताचं नाव देतं, कोणी मुलीचं. मी तुझं दिलंय. पेंटरने पाटी तयार केली आहे. लाल जमिनीवर पिवळी, हातभर उंच अक्षरं: 'पुल्लाट्ट कुरियाच्चन'. घराण्याचं नाव मुद्दाम घातलं, उगाच दुसऱ्या कुणा कुरियाच्चनवर बालंट नको. पाटीवरचा पडदा ओढायला तुझ्या सोसम्माला बोलावलंय. नाव तिला सांगितलेलं नाही. बिचारी इतकी खूश झाली की नवी साडी घ्यायला गेली. मग सकाळ-संध्याकाळ तो चढ आहे आणि भरल्या गाडीतून उतरून ढकलणाऱ्या बायका आहेत. त्यांची तोंडं कशी सुटतात हे तुला मी सांगायला नको.

पत्र लिहायचं कारण एकच. दुसऱ्या खेपेतली, इंजिन सुधारलेली एक गाडी तू तुझ्या मेहुण्यासाठी शेडमध्ये झाकून ठेवली आहेस, हे शिवन बघून आलाय. शनिवार संध्याकाळपर्यंत ती माझ्या अंगणात त्याच भावात उभी राहिली, तर तुझी पाटी मी चुलीत घालीन आणि गाडीला पैलीचं नाव देईन. परमिट वाचेल, बायका वेळेवर कामावर पोचतील, लिसीचा जीव भांड्यात पडेल. शहाण्या बाईने असंच व्हावं म्हणून मेणबत्ती लावावी. मीही काल लावायला गेले होते, कुरियाच्चन. गुडघे टेकले, हात जोडले आणि तोंडातून निघालं, देवा, त्याला ती गाडी देऊ देऊ नकोस.

तुझीच होता होता वाचलेली,
एलिक्कुट्टी