मुका मार

१२ मार्च १९७९, सोमवार

दुपारी कॅज्युअल्टीत रुपराव आले. कोराडीकडे कोळशाचा ट्रक चालवतात. बैलगाडी वाचवायला गेले, ट्रक झाडावर, स्टिअरिंग छातीवर. पण एकही बरगडी मोडलेली नाही!

आमचे रजिस्ट्रार कृष्णकांत सर म्हणाले, "मुका मार आहे, उत्तरा. गोळ्या दे, घरी पाठव."

मी स्टेथोस्कोप लावला. ठोके विहिरीच्या तळातून यावेत तसे. मानेच्या शिरा टरारलेल्या, बीपी उतरतंय.

"सर, हृदयाभोवती रक्त साचतंय."

"एक्स-रे स्वच्छ आहे."

"एक्स-रेला काय कळतंय!" बोलून गेले.

सरांनी स्वतः नाडी धरली. रुपराव श्वास घेत तशी नाडी हरवायची. हृदय दाबलं जात असल्याची खूण. सर म्हणाले, "तू ओळखलंस, तूच टोच."

छातीच्या मधल्या हाडाखालून सुई घातली. काळपट रक्त—अर्धा कप तरी. बीपी चढू लागलं! रुपरावांनी डोळे उघडले. "डाक्टरीनबाई, मले काहून टोचून राहिल्या?"

१३ मार्च

सुई पहिल्याच टोचण्यात अचूक बसली. कुणाला सांगितलं तर फुशारकी वाटेल. आहेच फुशारकी!

१५ मार्च

रुपरावांची बायको, प्रयागबाई, विचारत होती, "छातीवर वळ बी नाही, अन् तुम्ही म्हनता हृदयाले लागलं?" म्हटलं, टरबूज पडलं तर कधी वरून साल धड असते, आत ठेचलेलं असतं—तसं.

"मंग बरे होतीन ना?"

"झालेच समजा."

१८ मार्च

ईसीजी सुधारला. रुपराव व्हरांड्यात चालले. राउंडला कृष्णकांत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं होतं, हिचं बरोबर होतं." असं कोण बोलतं! आनंदात दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले.

१९ मार्च

उद्या रुपरावांना सुट्टी.

२० मार्च

प्रयागबाई गाठोडं बांधून तयार. जाता जाता सहज स्टेथोस्कोप लावला. ठोक्यासोबत खरखर. काल नव्हती. पुन्हा लावला—आहेच. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला ठेचलेला पडदा आज फाटला.

म्हटलं, "गाठोडं सोडा, प्रयागबाई. घरी नाही, मुंबईला जायचं. ऑपरेशनला. इथे होत नाही ते."

मी थट्टा करतेय असं वाटून रुपराव हसतच राहिले.